पुस्तक आले आहे, एवढेच सांगायचे होते

नाशिकमध्ये कोणी कवितासंग्रह काढला म्हणून कोणी दचकत नाही. येथे १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, १९८७ चे ज्ञानपीठ ज्यांना मिळाले ते कुसुमाग्रज याच गावात राहत असत, आणि डिसेंबर २०२१ मध्ये साहित्य संमेलनही येथे भरून गेले; त्यामुळे कविता करणारा माणूस हा येथील हवामानाचाच एक भाग समजला जातो. अडचण संग्रह काढण्यात नाही, तो निघाला आहे हे चारचौघांना कळवण्यात आहे. माझा संग्रह निघाला तेव्हा प्रकाशकांनी प्रतींचे गठ्ठे माझ्या दारात उतरवले आणि "आता तुम्ही लोकांपर्यंत पोहोचा" असा निरोप दिला. पुस्तकाने नव्हे, लेखकाने पोहोचायचे असते, ही माहिती मला नवी होती.

पोहोचण्याची मला धास्ती वाटत होती, आणि तिला कारणही होते. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी एक ज्येष्ठ कवी फिरायला येतात. माणूस अतिशय सज्जन, कविताही बऱ्या. परंतु "परवा एक सुचलं" असे म्हणत त्यांनी खिशात हात घातला, की गुडघेदुखीने बेजार झालेली माणसेदेखील पळू लागतात आणि ट्रॅकचे नाव सार्थ होते. आपण दिसताच लोकांनी वेग वाढवावा, हे साहित्यसेवेचे फळ मला नको होते. पण गप्प बसावे, तर सहा महिन्यांनी तीच माणसे "कळवलं नाहीत, परके समजता का?" म्हणून रुसतात, आणि रुसवा काढण्यासाठी त्यांना एक प्रत फुकट द्यावी लागते.

अशा पेचात माझा भाचा मदतीला धावला. तो कोणत्याशा कंपनीत नेमके काय करतो हे आमच्या घरात कोणालाही सांगता येत नाही, पण ते मोबाइलवर करतो. "मामा, तुमचा कंटेंट चांगला आहे, रीच नाही," असे निदान करून त्याने मला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकावर नेले आणि रील काढण्यासाठी दूर क्षितिजाकडे पाहायला सांगितले. क्षितिजाकडे पाहून मी आजवर एकही ओळ लिहिलेली नाही. माझ्या बहुतेक कविता वीजबिलाच्या पाठीमागे झालेल्या आहेत. शिवाय रीलच्या खाली त्याला "शेवटच्या काही प्रती शिल्लक" असे टाकायचे होते. प्रतींच्या गठ्ठ्यांमुळे आमच्या घरातील एक दार तेव्हा अर्धेच उघडत होते.

मी नकार दिला तेव्हा त्याने मोबाइलमध्ये शोधून खुद्द दादासाहेब फाळक्यांनाच साक्षीला उभे केले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या आपल्या माणसाने १९१३ साली पहिल्या चित्रपटासाठी सुरतेत अशी जाहिरात केली म्हणतात, की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर फक्त तीन आणे. मी त्या रात्री कागद घेऊन बसलो. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. म्हणजे सत्तावन्न हजार चित्रांची लांबी साडेतीन हजार फुटांच्या आसपास जाते, आणि मैल भरण्यासाठी ५२८० फूट लागतात. चित्रांचा आकडा खरा धरला, तरी दोन मैलांपैकी पाऊण मैलही भरत नव्हता. सकाळी मी हा निकाल विजयी मुद्रेने भाच्याला ऐकवला. तो म्हणाला, "पण मामा, लोक आले ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. फाळक्यांना निदान सत्तावन्न हजार चित्रे खरोखर दाखवायची होती, हे मला दुपारी जेवताना सुचले. तोवर भाचा निघून गेला होता.

मग मी माझ्या पद्धतीने एक निरोप तयार केला. त्यात "अमूल्य ठेवा" नव्हता, "आजच मागवा" नव्हते. पुस्तक आले आहे, किंमत अमुक आहे, आणि वाचलेच पाहिजे असा मुळीच आग्रह नाही, एवढेच होते. या शेवटच्या वाक्याचा लोकांनी मनापासून मान राखला. निरोप पाठवण्यासाठी मी व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी केली होती, आणि तिचा गुण असा, की ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केलेला असतो त्यालाच निरोप पोहोचतो. ज्यांच्या मुंजीत मी पंगती वाढल्या, त्यांच्या नावापुढे एकुलती एक करडी खूण पाहत मी संध्याकाळ काढली. ज्यांना निरोप पोहोचला त्यांनी जोडलेले हात पाठवले, आणि जे स्वतः कवी होते त्यांनी "माझेही सवडीने पाहावे" म्हणून आपापल्या पीडीएफ पाठवल्या. विकलेल्या प्रतींपेक्षा माझ्याकडे आलेल्या कविता अधिक भरल्या.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेविषयी मला तेव्हापासून फार आदर वाटतो. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, माणसे हवे ते पुस्तक काढून घेतात, आणि पेटीतून लेखक मात्र बाहेर येत नाही.

पुढे कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत असताना, गाणाऱ्या वहिनींचा घसा बसल्यामुळे, "तुम्ही काहीतरी म्हणा" असा प्रसंग माझ्यावर आला. मी द्वारका चौकातील वाहतूक कोंडीवरची कविता वाचली आणि पुस्तकाचा उल्लेख न करता खाली बसलो. द्वारकेला न अडकलेला माणूस नाशिकमध्ये नसल्यामुळे कविता कोणाला समजावून सांगावी लागली नाही. दूध वाटले जात असताना तिसऱ्या मजल्यावरचे काका, जे भूमापनातून निवृत्त झाले आहेत, जवळ येऊन म्हणाले, "हे कुठे छापलंय का? मला नीट बघायचंय." मी जिना उतरून प्रत आणली. त्यांनी तेथेच चष्मा लावून किंमत पाहिली आणि पैसे दिले.

आठवड्याने काका पुस्तक घेऊन दारात उभे राहिले. कवितेत मी सकाळी नाशिकरोडहून द्वारकेकडे येतो आणि ऊन माझ्या डोळ्यांवर येते. "अहो, नाशिकरोड आग्नेयेला. सकाळचं ऊन तुमच्या पाठीवर पडेल, डोळ्यांवर कसं येईल?" त्यांनी समासात पेन्सिलीने दिशाही काढून आणल्या होत्या. ऊन गाडीच्या आरशातून डोळ्यांवर आले, असा बचाव मी केला. "मग आरसा कवितेत कुठे आहे?" असे त्यांनी विचारले, आणि आम्ही चहा निवेपर्यंत भांडलो. माझ्या कवितेतील एकेका शब्दाला इतके गंभीरपणे कोणी घेतले नव्हते, समीक्षकांनी तर नव्हतेच.

सध्या ती प्रत त्यांच्या साडूंकडे आहे. साडूंनी त्या रस्त्यावर वर्षानुवर्षे बस चालवली आहे, त्यामुळे आरशाबाबत त्यांचे मत निर्णायक मानायचे, असे आमचे ठरले आहे. काकांचा निरोप आला आहे, की साडू अजून निकालापर्यंत आलेले नाहीत, कारण त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतले आहे आणि चौथ्या कवितेतील बसथांब्याविषयी त्यांची वेगळी हरकत आहे.