पावती कोण फाडतं?

रोटोरुआ डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं. आईने गाडीची काच वर केली, नाकाला पदर लावला आणि विचारलं, "नासकी अंडी कुणी टाकली रे रस्त्यावर?" गंधकाचा वास आहे, गणेशपुरीला असतो तसाच, असं मी म्हटलं. "गणेशपुरीला कुंडापाशी असतो. इथे अख्ख्या गावाला आहे," असा तिने निकाल दिला.

तिचं काही चुकलं नव्हतं. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचं हे गाव एका जुन्या ज्वालामुखीच्या विवरातच वसलंय. सव्वादोन-अडीच लाख वर्षांपूर्वी मोठा उद्रेक झाला, जमीन खचली आणि त्या खळग्यात पाणी साठून रोटोरुआ सरोवर झालं. आसपास अशी डझनभर तरी सरोवरं आहेत. आपलं लोणार वरून आदळलेल्या अशनीचं, ही सगळी पोटातून उकळून आलेली. आमच्या हॅमिल्टनपासून हे दीड तासावर. नाशिकहून कुणी आलं की त्याला इथे आणायचं हा आता रिवाजच झालाय.

या वेळी मात्र डोक्यात एक भांडण घेऊन गेलो होतो. कॉलेजच्या ग्रुपवर एकाने भंडारदऱ्याच्या काजवा महोत्सवाचा व्हिडिओ टाकला. मे संपताना, पावसाच्या तोंडावर सादड्या-हिरड्याच्या झाडांवर काजवे लखलखतात. व्हिडिओत ते जेमतेम दिसत होते, गाड्यांचे दिवे मात्र लांबवर चमकत होते. त्यावर सुरू झालं. एक पक्ष म्हणे, "बंद करा हा बाजार, जंगलाची आणि आदिवासींची संस्कृती विकायला काढलीय." दुसरा म्हणे, "त्यांच्या हातात दोन पैसे पडतात ते बघवत नाहीत का तुम्हाला?" मी दोन्हीकडे अंगठा दाखवून गप्प बसलो. परदेशात बसलेल्या माणसाने मत दिलं की "तू तिथून बोलू नकोस" हे उत्तर ठरलेलं असतं. आणि ते अगदीच खोटं असतं असंही नाही.

तर फाकारेवारेवा. लिहिताना डब्ल्यू-एच, म्हणताना फ. रोटोरुआच्या कडेचं हे माओरींचं, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचं, गाव. तिकीट काढून आत जायचं, पण आत लोक खरोखर राहतात. घरांच्या मधून वाफ निघते, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांमागे चिखल रटरटत असतो. जमीन इतकी तापलेली की कबरी खोदता येत नाहीत, त्या जमिनीवरच बांधतात. आमची वाटाड्या साठीच्या पुढची, याच गावात वाढलेली. तिने एका उकळत्या कुंडात मक्याच्या कणसांची पिशवी सोडली, तिची दोरी मुकाट्याने पकडून उभी राहिली आणि थोड्या वेळात कणसं बाहेर काढली. आईचा पहिला प्रश्न, "भात होतो का यात?" मी भाषांतर केलं. बाई हसली. भात, मटण, बटाटे, सगळं होतं म्हणाली, पण ते पलीकडच्या वाफेच्या पेटीत. आईने कणीस खाल्लं आणि हळूच म्हणाली, "लिंबू-तिखट हवं होतं."

गावात शिरताना पूल लागतो. खाली ओढ्यात सात-आठ पोरं उभी, पर्यटकांनी नाणी फेकायची आणि त्यांनी बुड्या मारून काढायची. मला कसंतरीच झालं. गोऱ्या पर्यटकांच्या घोळक्यात मीही कठड्याला टेकून नाणं फेकणाऱ्यांतला एक. आईला मात्र त्यात काहीच वावगं दिसलं नाही. रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून पैसे काढणारी पोरं तिने जन्मभर पाहिलीत. तिने पर्समधून डॉलरचं नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि सोडलं. लाज नाही का वाटत, हे मी वाटाड्या बाईला फार वळणं घेऊन विचारलं. ती म्हणाली, माझी आजी याच पुलाखाली बुड्या मारायची, मीही मारल्या, पैसे पोरांचेच असतात. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, गेट बंद झालं की आम्ही आमच्या कुंडात आंघोळीला जातो, तेव्हा तुमच्यापैकी कुणी नसतं.

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. गेट त्यांचं आहे, आणि ते बंद करता येतं.

हे आजचं नाही. शेजारच्या टारावेरा सरोवराच्या बाजूला एकेकाळी गुलाबी आणि पांढऱ्या रंगाच्या सिलिकाच्या पायऱ्या होत्या. युरोपातून लोक महिनोन्महिने प्रवास करून त्या बघायला येत. वाट तूहोउरांगी या माओरी जमातीच्या मुलखातून. नाव त्यांची, वल्ही त्यांची, वाटाडे त्यांचे, दर त्यांचा. टे वाइरोआ गावातल्या त्यांच्या हिनेमिही या सभाघराच्या कोरीव मूर्तींना डोळे शिंपल्यांचे असायला हवे होते, तिथे सोन्याची नाणी बसवलेली होती. इतका पैसा. गावात दारूही आली आणि गोऱ्या प्रवाशांनी या लोकांना हावरट म्हणून नावंही ठेवली. १० जून १८८६च्या रात्री टारावेरा हा ज्वालामुखी फुटला. पायऱ्या गेल्या, गाव राखेत गाडलं गेलं, शंभराहून जास्त माणसं मेली. हिनेमिहीत आसरा घेतलेले वाचले. सहा वर्षांनी तेच सभाघर मावळत्या गव्हर्नराने विकत घेऊन इंग्लंडला नेलं, आपल्या बागेत उभं करायला. निर्वासितांपैकी बरेच फाकारेवारेवाला आले आणि पुन्हा वाटाडे झाले.

म्हणजे "पर्यटनाने संस्कृती बाटते" हा युक्तिवाद इथे दीडशे वर्षं जुना आहे. "त्यांना पैसे मिळतात ना" हाही तितकाच. दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान: बोलणारे बाहेरचे. खरा वाद मला तिकिटाच्या खिडकीत कोण बसतं याचा वाटतो.

इथेही ती खिडकी सहज मिळालेली नाही. शेजारच्या पोहुतू या मोठ्या गरम फवाऱ्यापाशी कोरीवकामाची शाळा चालवणारी संस्था अनेक दशकं सरकारकडे होती, ती २०२०मध्ये स्थानिक जमातींच्या हाती आली. २००६च्या कायद्याने १३ सरोवरांचे तळ टे अरावा या इथल्या माओरी लोकांना परत मिळाले. नुसते तळ! वरचं पाणी सरकारचंच. हे वाचलं तेव्हा मला अस्सल मामलेदार कचेरीतला तोडगा वाटला होता. पण रोटोकाकाही हे हिरवं सरोवर पहिल्यापासून त्यांचं आहे, आणि तिथे पोहायला, होडी घालायला मनाई. ते पवित्र मानतात. शेजारच्या निळ्या टिकितापूत माणसांची जत्रा, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीपलीकडे हे सरोवर स्वस्थ पडून. काठावर मी आईला म्हटलं, पाय बुडवून येऊ का? ती म्हणाली, "नको म्हटलंय ना त्यांनी?"

त्याच २००६मध्ये आपल्याकडे वनहक्क कायदा झाला. तो कागदावर टे अरावांच्या कायद्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने त्यातून सामूहिक हक्क मिळवला आणि २०११मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकला. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांचीच. तिकिटाची खिडकी कशी ताब्यात घ्यावी हे शिकायला महाराष्ट्राला न्यूझीलंडला यायची गरज नाही, हे ग्रुपवरच्या पहिल्या पक्षाने लक्षात घ्यावं. आणि दुसऱ्या पक्षाने भंडारदऱ्याच्या काठावर उभं राहून मोजावं: धरण १९२६चं, पाणी जलसंपदा विभागाचं आणि ते जातं खाली उसाला, जंगल वनखात्याचं, अभयारण्याचे नियम वेगळे. महादेव कोळी आणि ठाकर गावांच्या वाट्याला येतो तो तंबूचा खुंटा ठोकायचा आणि पिठलं-भाकरी करायचा धंदा. काही गावांनी तो स्वतः उभा केलाय, नीट चालवलाय, हेही खरं. पण एका रात्री किती गाड्या सोडायच्या, दिवे कुठे विझवायचे, "आज पुरे" कधी म्हणायचं, हे त्यांच्या हातात आहे का?

मला पालघरकडच्या एका रिसॉर्टमधली संध्याकाळ आठवते. दुधी भोपळ्याचा तो लांब तारपा फुंकत एक म्हातारे वारली बाबा मधोमध, भोवती त्यांच्या वस्तीतली माणसं फेर धरून. तिसऱ्या फेऱ्याला पाहुणे हातात ग्लास घेऊन साखळीत घुसले. मीही होतो. वीस मिनिटांनी मॅनेजरने खूण केली आणि डीजे सुरू झाला. तारपा अर्ध्यात थांबला. बाबांनी तो काखेत मारला आणि मागच्या दाराने गेले. रोटोरुआला संध्याकाळच्या कार्यक्रमात आम्हाला आधी दाराबाहेर उभं केलं होतं. आमच्यातून एकाला मुखिया निवडायला लावलं, भालेवाला येऊन पान टाकून गेला, ते आमच्या मुखियाने उचलल्यावरच आत सोडलं. तिकीट काढलेल्या गिऱ्हाइकांना! नाटक तर नाटक, पण पाहुणा कोण आणि यजमान कोण याचा घोटाळा त्यात नव्हता.

इथे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. माओरी बोलल्याबद्दल शाळेत छड्या खाल्लेल्यांची पोरं-नातवंडं आज माझ्याबरोबर नोकरी करतात. माओरींशी झालेल्या १८४०च्या कराराचा अर्थ नव्याने लावू पाहणारं विधेयक संसदेत आलं, त्याविरुद्ध नोव्हेंबर २०२४मध्ये सभागृहातच हाका हा माओरींचा आव्हानाचा नाच झाला, आणि एप्रिल २०२५मध्ये ते ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. तेव्हा आमच्या मराठी मंडळातले काही जण "यांना सगळं फुकट हवं" म्हणत होते. आरक्षणावरचं तेच जुनं वाक्य, सामानात नीट घडी घालून आणलेलं.

परतल्यावर हे सगळं थोडक्यात ग्रुपवर लिहिलं. चार जणांनी अंगठे दिले. व्हिडिओवाला म्हणाला, "लेक्चर पुरे, पुढच्या जूनला ये, तंबू बुक करतो." मी विचारलं, कुणाचा तंबू? त्याने नंबर पाठवला. लावून बघितला. फोन उचलणारा माणूस ठाण्यात बसला होता. गावातला कुणी आहे का, असं विचारलं तर म्हणाला, "आहेत ना, आपली पोरं आहेत तिथे, स्वयंपाकाला."