चेन आहे ती, तानपुऱ्याची तार नव्हे

बाईकच्या सर्व्हिसिंगचं बिल. कन्झ्युमेबल्स, ९० रुपये.

काय कन्झ्यूम झालं? कुणी केलं? काउंटरवरचा मुलगा स्क्रीनवरून नजर न काढता सांगतो, "सर, ते सिस्टिममधूनच येतं." म्हणजे वरून येतं, पावसासारखं. आपण फक्त भिजायचं. ते ९० रुपये म्हणजे एक फडकं आणि बोटभर ग्रीस, हे त्यालाही माहीत आहे आणि आपल्यालाही. फडकं तर आधीच्या दहा गाड्या पुसून आलेलं. पुरावा हवा असेल तर टाकीवर त्याचे ओरखडे आहेत.

पण ९० रुपयांसाठी कोण रडतंय! रडू त्याच्या खालच्या ओळीचं आहे. चेन क्लीनिंग, ल्यूब (म्हणजे वंगण) आणि ॲडजस्टमेंट, २८० रुपये, वर जीएसटी.

गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून करकर. साइड स्टँडवर लावली, खालच्या बाजूला दोन्ही दातेरी चाकांच्या, म्हणजे स्प्रॉकेटच्या, मधोमध चेन बोटानं वर-खाली केली. (नाना पेठेत, म्हणजे पुण्यातल्या सुट्या भागांच्या बाजारात, स्प्रॉकेट मागू नका, कुणी वळूनही बघत नाही. चेनसॉकेट म्हणायचं.) तर हलते किती? जेमतेम ८ मिलिमीटर! आणि मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, म्हणजे स्विंगआर्मवर, चेनपासून चार बोटांवर, कंपनीनं चित्रासकट स्टिकर लावलाय, २५ ते ३५. वाचता आलं नाही तरी चित्र कळतं ना? चेन आहे ती, तानपुऱ्याची तार नव्हे. छेडून षड्ज लागतोय का ते बघायचं नसतं.

परत आत गेलं तर उत्तर तयार. "सर, टाइटच चांगली. ढिली असली की उतरते." हे वाक्य पुण्यात पहिल्यांदा ज्यानं उच्चारलं, त्याच्या गळ्यात झिजलेल्या सॉकेटांचा हार घालून लक्ष्मी रोडनं मिरवणूक काढली पाहिजे.

अरे बाबा, ती ढील मुद्दाम ठेवलेली असते. आपण बसलो, गाडी खड्ड्यात गेली, मागचा शॉक दबला की स्विंगआर्म वर उचलला जातो. पुढचं सॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की दोन सॉकेटांमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं. तेवढी चेन त्या क्षणाला लागते, आणि ती येते त्या ३० मिलिमीटरमधूनच. तीच काढून घेतली तर ओढ जाणार कुठे? गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, तिथल्या ऑइल सीलवर, मागच्या चाकाच्या बेअरिंगवर. मग सीलमधून तेल पाझरायला लागतं आणि पुढच्या सर्व्हिसिंगला हाच मुलगा मान हलवत सांगतो, "गाडी जुनी झाली, सर." नीट ठेवली तर २०-२५ हजार किलोमीटर चालणारी चेन १०-१२ हजारांतच संपते. सॉकेटचे दात शार्कच्या पंखासारखे एका बाजूला कलतात. मग चेनसेट आणा, अडीच-तीन हजार मोजा. कात्रज ते हिंजवडी रोजच्या रस्त्यावर शॉक किती वेळा पूर्ण दबतो, त्याचा हिशोब ज्याचा त्यानं करावा.

अजून आहे. चाक सरळ बसलंय का ते दाखवणाऱ्या खुणांपैकी डावीकडची तिसऱ्या रेघेवर, उजवीकडची साडेतीनवर. म्हणजे चाक तिरकं. आणि एक्सलच्या नटाला, तो निसटू नये म्हणून घालायची कॉटर पिन? नाहीच! भोक मोकळं, आरपार उजेड दिसतोय. ल्यूब मात्र सढळ हातानं मारलंय, तेही न धुतलेल्या चेनवर, बाहेरच्या बाजूनं. चेनवर मातीची पांढरी खीर आणि टायरच्या कडेवर शिंतोडे. त्यावर वळणात गाडी कलली की नारळ फोडायला दुसरीकडे जायला नको.

दहा मिनिटांचं काम हो! एक्सलचा नट ढिला करायचा. दोन्ही बाजूचे चेन ताणणारे ॲडजस्टर पाव-पाव फेरा, सारखेच, दोन्हीकडच्या खुणा जुळवत. ढिली करायची असेल तर नुसते ॲडजस्टर मागे घेऊन भागत नाही, चाकाला मागून एक लाथ घालून पुढे सरकवावं लागतं. मग चाक हळूहळू फिरवत तीन-चार ठिकाणी मोजायचं, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथलं माप धरायचं. नट आवळताना मागच्या सॉकेटात आणि चेनमध्ये एक फडकं अडकवून चाक मागे फिरवलं की चाक ॲडजस्टरला चिकटून बसतं, जागचं हलत नाही. ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या टॉर्क रेंचनं आवळायचं, आकडा मॅन्युअलमध्ये असतो. फूटभर पाइप लावून त्यावर उभं राहायचं नसतं. परत मोजायचं, कारण नट आवळल्यावर चेन थोडी ताणतेच. नवी पिन. झालं.

साफ करायला रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश. पेट्रोल नाही, तारेचा ब्रश तर अजिबात नाही. चेनच्या सांध्यांतल्या ओ-रिंग रबराच्या असतात. त्या गेल्या की आत कारखान्यात भरलेलं ग्रीस गेलं, आणि ते बाहेरून भरता येत नाही. ल्यूब चेनच्या आतल्या बाजूला, चाक हातानं फिरवत. फिरताना ते आपोआप बाहेर फेकलं जातं. स्प्रे परवडत नसेल तर ९० नंबरचं गिअर ऑइल लावा, वर पुसून घ्या. ५०० किलोमीटरला एकदा, पावसाळ्यात त्याच्या निम्म्यात. आणि मागचं चाक उचलून धरणाऱ्या पॅडॉक स्टँडवर गाडी चालू करून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरत ठेवून चेनला फडकं धरणारी जी शूर मंडळी आहेत ना, त्यांनी बोटं मोजून ठेवावीत. नंतर मोजणी सोपी जाते.

विषय निघालाच आहे तर तेलाचंही होऊन जाऊ दे. इंजिनला लागतं १.२ लिटर, बिलावर येतं २ लिटर. उरलेलं ८०० मिली मागितलं की पंगतीत तिसऱ्यांदा तूप मागितल्यासारखं बघतात. काही ठिकाणी मागू नये म्हणून सगळंच ओतून मोकळे होतात. मग ते इंजिनच्या ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात. लेव्हल बघायची तर गाडी सरळ उभी हवी, इंजिन बंद करून पाच मिनिटं झालेली हवीत. साइड स्टँडवर कलंडलेल्या गाडीच्या तेलाच्या काचेत डोकावून "ओके आहे" म्हणणं म्हणजे झोपलेल्या माणसाची उंची डोळ्यानं मोजणं. आणि सोसायटीतले ते काका, "कारचंच तेल घाल, स्वस्त पडतं!" काका, बाईकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. डब्यावर जासो एमए२, म्हणजे बाईकच्या तेलाचं मानक, बघायचं असतं. कारच्या तेलातला घसरपणा क्लचला नको असतो.

हवा. मॅन्युअलमध्ये पुढच्या टायरला २५, मागच्याला २८ पीएसआय. सर्व्हिसिंगहून गाडी येते ४० भरून, कारण पाइप लावला की फोन येतो. पंपावर फुकट हवा असते, आणि त्या मशिनवर बंद असल्याची पाटी असते. ती पाटी मशिनपेक्षा टिकाऊ.

सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ चा १८ झाला, ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचाही. सर्व्हिसिंगचं एकूण बिल कुणाचं कमी झालं असेल तर त्यानं पेढे वाटावेत. विम्याचं तर विचारूच नका. जून २०२२ च्या दरानं थर्ड पार्टी १४९ सीसीला ७१४ रुपये आणि १६० सीसीला १३६६. वरच्या ११ सीसीचे दर वर्षाला ६५२ रुपये, जीएसटी वेगळा. नव्या सुरक्षा नंबरप्लेटचे (एचएसआरपी) ५३१ रुपये वेळेत भरणारे शहाणे ठरले की मूर्ख, हेही ठरत नाही, कारण मुदत २०२५ मध्ये ३१ मार्च, ३० एप्रिल, ३० जून, १५ ऑगस्ट अशी सणवार असल्यासारखी पुढेच सरकत गेली.

आणि हेल्मेट. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. बायपासच्या कडेला दोरीवर ओळीनं काय लटकतंय मग, भोपळे? आत थर्माकोल नाही, नुसतं कापड आणि बकल. स्टिकर मात्र ठसठशीत. याच शहरात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले होते, मान दुखते, केस गळतात, पुण्यात वेगच कुठे असतो. आजही अर्ध्या शहराचं हेल्मेट कोपरावर असतं. त्या कोपराचं रक्षण झालेलं आहे, अभिनंदन. उरलेले डोक्यावर घालतात, पण पट्टा मोकळा, साइझ दोन नंबर मोठी. भुवईच्या इंचभर वरून टेप फिरवून डोकं मोजायचं, घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. "जरा घट्ट होतंय" म्हणून मोठं घेतलं की दोन महिन्यांत गालाचे पॅड दबतात आणि हेल्मेट मान वळवल्यावर मागाहून वळतं. चेन घट्ट चालते, हेल्मेट घट्ट चालत नाही. नेमकं उलटं!

जॅकेटवाल्यांनाही सोडायचं कारण नाही. खांदा-कोपराच्या पॅडला सीई (युरोपीय मानक) लेव्हल २ म्हणून कौतुक, आणि पाठीच्या कप्प्यात? स्लीपरच्या तळव्यासारखा फोम. खरा बॅक प्रोटेक्टर, ईएन १६२१-२ या पाठीच्या मानकाचा, वेगळा घ्या, वेगळे पैसे. रेन लायनर, म्हणजे पाणी अडवणारं अस्तर, आतून लावायचा. म्हणजे ताम्हिणीत पाऊस आला की थांबा, जॅकेट काढा, भिजत लायनर लावा, परत घाला. मग बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन दोन किलोनं जड. हे ज्यानं डिझाइन केलं तो पावसात चारचाकीनं फिरत असणार. तीनशे रुपयांचा रेनकोट वरून घातला की प्रश्न मिटतो.

आता खरं सांगायचं तर हा सगळा थयथयाट करणाऱ्याचं स्वतःचं मेश जॅकेट दारामागे खुंटीवर आहे, कारण एप्रिलमध्ये दुकानापर्यंत जायला ते कोण घालणार. गाडी घेतली लिक्विड कूल्ड, २५० सीसी, सहा गिअर. कर्वे रोडला सहावा गिअर फक्त असतो, लागत नाही. सिग्नलला रेडिएटरचा फॅन सुरू होतो आणि गरम वारा बरोबर उजव्या पोटरीवर. शेजारून ११० सीसी स्कूटरवर भाजीच्या दोन पिशव्या घेऊन काकू शांतपणे पुढे निघून जातात. त्यांना कुणी विचारत नाही, "ॲव्हरेज किती देते?" आपल्याला लिफ्टमध्ये, लग्नात, दशक्रियेला, सगळीकडे विचारतात. तीस. ट्रॅफिकमध्ये अठ्ठावीस. झालं समाधान?

आणि ८ मिलिमीटरवरून ३० वर आणायला शेवटी घरीच बसावं लागलं, पार्किंगमध्ये पाट मांडून. वॉचमनकाका शेजारी उभे राहून म्हणाले, "टाइट ठेवा हो, उतरेल." फक्त कॉटर पिन उरली. त्या पाच रुपयांच्या पिनेसाठी नाना पेठ, रविवार नको कारण बंद, सोमवारी पार्किंग सम तारखेला कुठल्या बाजूला ते बघत. दुकानदारानं वर न बघता सांगितलं, "सुटी नाही मिळत, पाकीट घ्यावं लागेल." बारा पिना.

एक लावली. अकरा आहेत. कुणाला हवी असेल तर कोथरूडमधून घेऊन जा, कन्झ्युमेबल्स लावणार नाही.