म्हणे युरोप आधीपासून एकच होता

फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आलाय, ‘युरोपात पहिल्यापासून एक धर्म, एक लॅटिन भाषा, एकच संस्कृती, म्हणून त्यांची युरोपियन युनियन सहज झाली.’ काकांनी खाली टाळ्या पण ठोकल्यात.

आधी धर्म. ख्रिश्चन म्हणजे सगळे एक, हे आपल्याला लांबून वाटतं. १२०४ मध्ये क्रूसेडला, म्हणजे धर्मयुद्धाला निघालेल्यांनी लुटलं कोणाला, तर कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) ख्रिश्चनांनाच. आणि बोहेमियाचा (आजच्या चेक देशातला भाग) राजा जिरी, पोडेब्राडचा, त्याची गंमत तर ऐकाच. १४५३ ला तुर्कांनी ते शहर घेतलं, त्यानंतर दहाएक वर्षांत या माणसाने ख्रिश्चन राजांचा संघ, कॉमन सभा, कोर्ट, आपसातली युद्धं बंद असा रीतसर मसुदा करून राजेलोकांकडे वकील धाडले, पण स्वतः पडला हुसाइट, म्हणजे रोमच्या लेखी पाखंडी, त्यामुळे पोपने दाद दिली नाही आणि १४६६ मध्ये पुढच्या पोपने त्यालाच बहिष्कृत केलं. एकीचा कागद काढणाराच जातीबाहेर!

भाषेचं म्हणाल तर लॅटिन पाद्री, वकील, प्राध्यापक लोकांची, पूर्वेकडे तर चर्चमध्येही ग्रीक नाहीतर स्लाव्होनिक. अख्खा युरोप सोडा, एकटा फ्रान्स घ्या, अबे ग्रेग्वार या पाद्री-पुढाऱ्याच्या १७९४ च्या रिपोर्टात लिहिलंय की निदान ६० लाख लोकांना, जास्त करून खेड्यातल्या, फ्रेंच येतच नाही. लॅटिन कुठली घेऊन बसलात.

राहिली संस्कृती. तशी एक असती तर हद्द तरी सगळ्यांनी एकच आखली असती ना? युरोप एक करायच्या योजना बऱ्याच जणांनी काढल्या. फ्रान्सचा मंत्री सली, त्याच्या योजनेत (ती त्याने आपला राजा चौथा हेन्री याच्या नावावर खपवली) १५ राज्यं आणि कॅथलिक, लुथरन, कॅल्विनिस्ट हे तीनच पंथ, रशिया बाहेर, तुर्क बाहेर. क्रुसे या फ्रेंच लेखकाने १६२३ मध्ये आपल्या योजनेतल्या सभेत पोपच्या लगेच खालची खुर्ची तुर्की सुलतानाला दिली. विल्यम पेन हा इंग्रज १६९३ मध्ये तुर्क आणि रशियाला घ्या म्हणाला, प्रत्येकी १० मतं देऊन, वर सभेत लॅटिन बोलायचं की फ्रेंच यावरही त्याला लिहावं लागलं.

एक मान्य, की ‘आपण सगळे’ ही भावना बऱ्याचदा तुर्कांच्या भीतीनेच आली. पण तीही सोयीपुरती, फ्रान्सच्या राजाने १५४३ च्या हिवाळ्यात तुर्कांचं आरमार तूलाँ बंदरात ठेवून घेतलंच होतं.

आणि हो काका, आज युनियनच्या अधिकृत भाषा २४ आहेत. लॅटिन त्यात नाही.