‘रविवारी डिस्क लावा, निम्म्या अंतरात थांबा’ : या सल्ल्यात काय राहून गेलं

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये ब्रेकबद्दलचा एक सल्ला बरेच दिवस फिरतोय. त्याचा मजकूर साधारण असा : ‘पद्मिनी असो वा ॲम्बेसेडर, पुढचे ड्रम काढून टाका. भंगारातून एखाद्या लहान मारुतीचे डिस्क आणि कॅलिपर उचला, लेथवाल्याकडून ब्रॅकेट करून घ्या. मास्टर सिलेंडर आहे तोच चालतो, मागच्या चाकांना हात लावायचा नाही. एका रविवारचं काम. गाडी निम्म्या अंतरात थांबते. पेडल जड वाटलं तर बूस्टर टाका आणि ऑइल भरताना डॉट 5 भरा, आकडा मोठा म्हणजे ऑइल भारी.’

आधी शब्द समजून घेऊ. ड्रम ब्रेकमध्ये लायनर (घासणारं अस्तर) लावलेले शू आतून फिरत्या ड्रमवर दाबले जातात. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर नावाचा चिमटा फिरती तबकडी दोन पॅडमध्ये पकडतो. मास्टर सिलेंडर पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलतो, बूस्टर तो जोर वाढवतो. डिस्क लावण्याची इच्छा चुकीची नाही. खुद्द फियाटनं 1966 साली 1100 आर काढली तेव्हा तिला पुढे डिस्कच दिले होते. आपल्याकडे कुर्ल्यात बनत राहिलेली पद्मिनी आधीच्या 1100 डीच्या वंशातली, म्हणून तिच्या चारही चाकांना ड्रम राहिले. पण फियाटनं फक्त दोन डिस्क बोल्टनं आवळून गाडी विकायला काढली नव्हती. या सल्ल्यात नेमकं तेवढंच आहे.

‘निम्म्या अंतरात थांबते.’ गाडीला थांबवतो तो टायर. ब्रेक फक्त चाकाला थांबवतो. ताशी 80 किमी वेगानं जाणारी गाडी कोरड्या डांबरावर, टायरची पकड (घर्षणाचा गुणांक) 0.7 धरली तर, साधारण 36 मीटरमध्ये उभी राहते. पाय पेडलवर पोचेपर्यंतच्या एका सेकंदात गेलेले 22 मीटर त्यात धरलेले नाहीत. हे 36 चे 18 करायचे तर पकड 1.4 हवी, आणि ती रस्त्यावरच्या टायरला मिळत नाही. तुमचे ड्रम आजच चाकं लॉक (फिरणं पूर्ण बंद) करू शकत असतील, तर एका दणक्यात थांबायचं अंतर डिस्कनं कमी होणार नाही. आणि ड्रम चाक लॉक करू शकत नसतील, तर ते बिघडलेले आहेत : लायनरला ऑइल लागलंय, व्हील सिलेंडर (चाकात बसून शू दाबणारा) जाम झालाय, ड्रम ओव्हल झालाय किंवा शूची ॲडजस्टमेंट वर्षानुवर्षं कुणी केलेली नाही. बहुतेक वेळा तुलना होते ती अशा मेलेल्या ड्रमची आणि नव्याकोऱ्या डिस्कची. मग निम्मं अंतर ‘दिसतं’.

डिस्कचा खरा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. चार माणसं आणि सामान धरून 1200 किलोची गाडी घाटात 100 मीटर खाली उतरली की सुमारे 1180 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी 80 वरून गाडी एकदा पूर्ण थांबवायला साधारण 300 लागतात. म्हणजे दर 100 मीटर उताराला असे चार कडक ब्रेक. कसारा किंवा आंबोली न्यूट्रलवर उतरणाऱ्याचे ड्रम का जळतात ते यावरून कळेल. 10 इंची ड्रम 200 अंशांनी तापला की त्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो. तो शूपासून लांब जातो, पेडल खोल जायला लागतं, आणि तापलेल्या लायनरची पकडही उतरते. डिस्क तापून फुगते ती पॅडच्या दिशेनं, आणि उघड्यावर असल्यानं लवकर गार होते. पावसात पाण्यातून गेल्यावरही डिस्क दोनेक फेऱ्यांत कोरडी होते, गाडी एका बाजूला ओढत नाही. एवढ्यासाठी डिस्क लावायचे असतील तर जरूर लावा. (तोवर घाट चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरणं हा फुकटचा उपाय आहेच.)

‘मास्टर सिलेंडर तोच चालतो.’ सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. ड्रममध्ये लीडिंग शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो आणि पायाचं काम वाढवून देतो. डिस्कला असला जोड मिळत नाही. आकड्यांत बघा. पुढे दोन लीडिंग शूचा 10 इंची ड्रम आणि 1 इंची व्हील सिलेंडर आहेत असं धरू. त्याजागी 48 मिमी पिस्टनचा कॅलिपर लावला आणि डिस्कची कामाची त्रिज्या 95 मिमी मिळाली, तर त्याच दाबाला डिस्क जुन्या ड्रमच्या 70 टक्क्यांच्या आसपासच ब्रेक देतो. पिस्टन साडेतीनपट क्षेत्रफळाचा असूनही! म्हणून नव्या डिस्कवाला पहिल्याच चक्करमध्ये म्हणतो, ‘पेडल दगडासारखं लागतं.’

यावर कुणीतरी मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सुचवतो. त्यानं उलटंच होतं. पाऊण इंचावरून 7/8 इंचावर गेलात की त्याच पायाला दाब 27 टक्क्यांनी घटतो, फक्त पेडल कमी खाली जातं. दाब वाढवायचा तर बोअर लहान हवा किंवा पेडलचा लिव्हर लांब हवा, आणि दोन्हींत पेडल जास्त खाली जाणार. म्हणून आधी कॅलिपरचं पिस्टन मोजायचं, मग मास्टर ठरवायचा.

मास्टरच्या पोटात आणखी एक गंमत लपलेली असते. ड्रमसाठीच्या बऱ्याच जुन्या मास्टरमध्ये पाय काढल्यावरही लाइनमध्ये 0.5 ते 0.8 बार दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. व्हील सिलेंडरच्या रबरी वॉशरच्या कडा भिंतीला टेकून राहाव्यात, हवा आत ओढली जाऊ नये, म्हणून. ड्रममध्ये शू परत ओढायला तगड्या स्प्रिंगा असतात, त्यांना एवढा दाब काहीच नाही. कॅलिपरमध्ये स्प्रिंग नसते. पिस्टनचा चौकोनी सील पिळवटून परत सरळ होतो आणि पिस्टनला मिलिमीटरच्या दशांशभर मागे घेतो, एवढंच. त्यावर 0.7 बार कायम राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात. वीस किलोमीटरवर चाकाला हात लावता येत नाही, बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन वाहतं. हा व्हॉल्व्ह पुढच्या लाइनमधून काढायचा, मागच्या ड्रमसाठी ठेवायचा. मास्टर पायाखाली, फ्लोअरच्या खालच्या बाजूला असलेल्या गाड्यांत तो कॅलिपरच्या पातळीखाली येऊ शकतो. तिथे ऑइल मागे उतरू नये म्हणून पुढे 0.14 बारचा हलका व्हॉल्व्ह लावावा लागतो.

ऑइलची टाकीही बघा. ड्रमचे लायनर झिजले की आपण ॲडजस्टर फिरवतो, त्यामुळे ऑइलची पातळी फारशी हलत नाही. कॅलिपर मात्र आपोआप पुढे सरकतो. दोन्ही पॅड 8-8 मिमी झिजेपर्यंत वरच्या मापाचा पिस्टन 16 मिमी बाहेर येतो आणि एका चाकाला 29 मिली ऑइल गिळतो, दोन्ही चाकांना मिळून 58. जुन्या मास्टरच्या चिमुकल्या टाकीत तेवढं असेलच असं नाही. गळती कुठेच नाही, तरी एक दिवस पेडल जमिनीला टेकतं.

मास्टर बदलायचाच आहे तर दोन सर्किटचा घ्या. जुन्या एका सर्किटच्या गाडीत एक होज (ऑइलची लवचिक नळी) फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. पुशरॉडला (पेडलपासून मास्टरला ढकलणाऱ्या सळीला) 1 ते 2 मिमी मोकळीक ठेवायची. नाही ठेवली तर मास्टरचं परतीचं छिद्र उघडत नाही आणि ऑइल तापून फुगलं की गाडी स्वतःच ब्रेक लावून बसते.

‘मागच्या चाकांना हात लावायचा नाही.’ पद्मिनीचा व्हीलबेस 2340 मिमी. गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेमीवर धरला तर कडक ब्रेकला सुमारे 16 टक्के वजन मागून पुढे येतं. उभ्या गाडीत निम्मं-निम्मं असलेलं वजन पुढे 66 आणि मागे 34 होतं. आता वरची साखळी जुळवा : डिस्क लावला, पुढचा ब्रेक कमी पडला, म्हणून बूस्टर टाकला. बूस्टरनं ब्रेक वाढत नाही, त्याच पायाला दाब वाढतो, आणि एकाच लाइनवर असेल तर मागेही तितकाच वाढतो. मागचे ड्रम जोरदार, वजन हलकं. मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. पुढची चाकं आधी लॉक झाली तर स्टिअरिंग लागत नाही, पण गाडी सरळ जाते. दोन्हींत पहिलं कितीतरी जास्त धोक्याचं.

उपाय दोन. मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारा ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह, नाहीतर मागचा व्हील सिलेंडर लहान : 7/8 ऐवजी पाऊण इंची लावला की मागचा जोर सुमारे 27 टक्के उतरतो. आणि ‘डिस्क लावल्यापासून पेडल स्पंजी झालं’ ही तक्रार आली की हवा काढत बसण्याआधी मागचे शू ॲडजस्ट करा. निम्म्या केसेस तिथेच मिटतात.

‘लेथवाल्याकडून ब्रॅकेट.’ वरच्याच गाडीत प्रत्येक पुढच्या चाकावर साधारण 2700 न्यूटन ब्रेकिंग येतं. टायरची त्रिज्या 29 सेमी, डिस्कची 9.5, म्हणजे कॅलिपर ब्रॅकेटवर 8300 न्यूटन, जवळजवळ 850 किलोचा ओढा, आणि तोही दर कडक ब्रेकला. 5 मिमीच्या पट्टीचं हे काम नाही. 10 ते 12 मिमी जाडीची एकसंध प्लेट हवी, बोल्ट 10.9 ग्रेडचे हवेत, आणि ब्रॅकेट स्टब ॲक्सलवर (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या प्लेटच्या) मूळ भोकांतच बसायला हवा. फोर्ज केलेल्या स्टब ॲक्सलवर वेल्डिंग कधीच करायचं नाही. शेजारचा धातू ठिसूळ होतो आणि तडा आतून जातो, दिसत नाही.

इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देणाऱ्या मारुतीचा नकल (हब धरणारा भाग) आणि हब (चाक बसतं तो भाग) ड्राइव्ह शाफ्टसाठी बनवलेले असतात, ते किंगपिनच्या (चाक ज्या उभ्या खिळ्यावर वळतं त्या) गाडीत उपयोगाचे नाहीत. घ्यायचं ते फक्त कॅलिपर आणि डिस्क. डिस्क हबवर बोल्टांनी नव्हे, मधल्या गोल खांद्यानं केंद्रात बसली पाहिजे. डायल गेजनं मोजल्यावर डोल 0.1 मिमीच्या आत हवा, 0.05 असेल तर उत्तम. त्याहून जास्त असला, किंवा बेअरिंग-किंगपिनमध्ये खेळ असला, तर वळणावर डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या ब्रेकला पहिलं पेडल रिकामं जातं. म्हणून किंगपिन आणि बेअरिंग आधी, डिस्क नंतर.

होज जोडताना आटे तपासा. ॲम्बेसेडरचा वंश इंग्लिश, जुने आटे इंची. 3/8 यूएनएफचा नट एम 10 च्या भोकात ढिला जातो, चार फेरे आवळल्यासारखाही वाटतो आणि पहिल्या कडक ब्रेकला आटे सोलून बाहेर येतो. पाइपच्या टोकाचा फ्लेअरही (पसरवलेली कडा) दोन प्रकारचा असतो, त्यांची भेसळ गळते. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, सस्पेंशन पूर्ण खाली सोडून आणि पूर्ण दाबून होज कुठे ताणतोय का, टायरला घासतोय का ते बघा. आणि हवा काढायचा निपल वर आलाय ना? कॅलिपर डावे-उजवे बदलले गेले की निपल खाली जातो आणि कितीही ऑइल ओतलं तरी हवा वरच अडकून राहते.

‘डॉट 5.’ आकड्यावर जाऊ नका. डॉट 5 हे सिलिकॉनचं ऑइल आहे, डॉट 3 आणि 4 मध्ये ते मिसळत नाही. डॉट 4 पुरेसं आहे : ताजं असताना उकळण्याचा बिंदू किमान 230 अंश, पाणी शोषल्यावर 155. कोकणच्या हवेत ते पाणी भराभर पितं, दोन वर्षांनी बदलाच.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही. काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल तर चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं. तेव्हा कुठेही कापाकापी न करता, परत काढता येईल असंच काम करा आणि जुने ड्रम, शू, बॅकप्लेट ग्रीस लावून माळ्यावर ठेवा.

सगळं बसल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. खाली सरकलं तर गळती आहे, गाडी हलवायची नाही. मग ताशी 50 वरून 15 पर्यंत मध्यम ब्रेक, पंधरा-वीस वेळा, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट गार होऊ देत. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहायचं नाही. चाकं जॅकवर उचलून हातानं मोकळी फिरतात का बघा, 100 किमीनंतर ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा तपासा. शेवटी ओल्या, रिकाम्या मैदानात ताशी 30 वर पेडल दाबा आणि कुणालातरी बाहेर उभं करून कोणतं चाक आधी लॉक होतं ते बघायला सांगा. मागचं आधी झालं तर व्हॉल्व्ह मागचा दाब उतरवणाऱ्या बाजूला अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा दाबा, पुढचं चाक किंचित आधी धरेपर्यंत.