ओटीपी दिला नाही म्हणजे ओळख सुरक्षित राहिली, असं नाही

कुटुंबाच्या आणि मित्रांच्या ग्रुपवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: ‘ओटीपी कुणाला सांगू नका, कुलपाचं चिन्ह बघूनच वेबसाइटवर माहिती भरा, पासवर्ड दर महिन्याला बदला. एवढं केलं की तुमचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. नाव, पत्ता, जन्मतारीख तर जगजाहीरच असते, ती लपवून काय मिळणार? खात्यात फारसे पैसे नसतील तर घाबरायचं कारणच नाही. जो फसतो तो स्वतःच्या हलगर्जीपणामुळे.’

ओटीपी सांगू नये, हे अगदी बरोबर. पण ‘एवढं केलं की’ हे शब्द लोकांना गाफील ठेवतात, म्हणून या सल्ल्यातला एकेक दावा तपासायला हवा.

सगळ्यात घातक समज खात्यातल्या पैशांबद्दलचा आहे. ओळख चोरणाऱ्याला तुमची शिल्लक नको असते, तुमचं नाव हवं असतं. त्या नावावर तो नवं कर्ज काढतो, नवं कार्ड घेतो, नवं सिम घेतो. अर्जात फोन नंबर आणि पत्ता स्वतःचा देतो. मग ओटीपी त्याच्याच फोनवर येतो, बिलंही त्याच्याच पत्त्यावर जातात. तुमचा फोन एकदाही वाजत नाही. कळतं ते थेट वसुलीचा फोन आल्यावर, किंवा तुमचा स्वतःचा कर्जाचा अर्ज नाकारला गेल्यावर. लहान मुलांची आणि मृत व्यक्तींची ओळखही अशीच वापरली जाते, कारण त्यांच्या नावावर काय चाललंय हे कुणी बघत नाही. म्हणून आपला पतअहवाल (क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद) ठरावीक काळाने मागवून त्यात अनोळखी कर्ज किंवा कर्जासाठी झालेली अनोळखी चौकशी दिसते का, हे पाहायला हवं. जिथे पतअहवाल गोठवून ठेवायची सोय आहे, तिथे ती जरूर वापरावी. अहवाल गोठलेला असला की नवं कर्ज देणाऱ्याला तो सहसा बघताच येत नाही.

आता ‘जन्मतारीख जगजाहीर असते’ याबद्दल. 2008 मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या याहू ईमेल खात्यात एक विद्यार्थी शिरला. त्याने पासवर्ड फोडला नाही. जन्मतारीख, पिनकोड आणि ‘जोडीदाराची भेट कुठे झाली’ या प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवरून शोधलं आणि पासवर्ड बदलून टाकला. पुढच्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की जन्मतारीख आणि जन्मस्थळावरून अमेरिकन माणसाच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा, म्हणजे तिथे ओळख पटवायला वापरल्या जाणाऱ्या सरकारी क्रमांकाचा, अंदाज बांधता येतो. प्रत्येक तुकडा दुसऱ्या तुकड्याला जाऊन मिळतो. काही माहिती आधीच बाहेर गेली आहे, हे उरलेलीही देऊन टाकण्याचं कारण होऊ शकत नाही. इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीतून 2017 मध्ये सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. त्यांना पासवर्ड बदलता येतील, जन्मतारीख कशी बदलणार?

यावर एक सोपा उपाय आहे: पासवर्ड विसरल्यावर विचारल्या जाणाऱ्या सुरक्षा प्रश्नांना खरी उत्तरं देऊच नका. आईचं माहेरचं आडनाव विचारलं तर काहीतरी निरर्थक अक्षरं लिहा आणि ती पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या ॲपमध्ये, जपून ठेवा.

ओटीपी तुम्ही तोंडाने सांगितला नाही तरी तो जाऊ शकतो. चोर मोबाइल कंपनीला फसवून तुमचा नंबर स्वतःच्या सिमवर वळवून घेतो. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचं ट्विटर खातं 2019 मध्ये याच मार्गाने गेलं. जर्मनीत 2017 मध्ये तर दूरसंचार जाळ्यांमधल्या एका जुन्या त्रुटीचा फायदा घेऊन बँकांनी पाठवलेले ओटीपी वाटेतच पकडले गेले आणि ग्राहकांची खाती रिकामी झाली. तिसरा मार्ग सर्वांत सोपा: बनावट पानावर तुम्ही ओटीपी टाकता आणि पलीकडचा माणूस त्याच क्षणी तो खऱ्या वेबसाइटवर भरतो. जिथे पासकीची (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने लॉगइन करण्याची) सोय आहे, तिथे ती घ्या. पासकी खऱ्या वेबसाइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, बनावट पानावर ती चालतच नाही. आणि फोनचं नेटवर्क अचानक, विनाकारण गेलं, तर वाट न बघता दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला विचारा.

कुलपाबद्दल थोडक्यात: तुमच्या आणि वेबसाइटच्या मधली वाट बंदिस्त आहे, एवढंच ते सांगतं. पलीकडे कोण बसलंय, हे सांगत नाही. त्यासाठीचं प्रमाणपत्र चोरालाही फुकट मिळतं. गूगलने क्रोममधलं ते चिन्ह 2023 मध्ये काढून टाकलं, ते याच गैरसमजामुळे.

दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावलं, की माणसं शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेने 2017 मध्येच ही सक्ती करू नये असं सांगितलं. पासवर्ड लांब हवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा, आणि तो फुटल्याचं कळलं तर लगेच बदलायला हवा.

राहिला हलगर्जीपणाचा आरोप. इक्विफॅक्सच्या यादीत ज्यांची नावं होती, त्यांची यात काय चूक? असल्या वाक्यांमुळे माणूस लाजतो, घरातही बोलत नाही, आणि नेमके मोलाचे तास निघून जातात. असं काही झालं तर आधी बँकेला कळवून खाती आणि कार्डं थांबवा. ईमेलचा पासवर्ड बदला, इतर सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा आणि तुमचे मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवणारा नियम कुणी लावून ठेवलाय का, हे सेटिंग्जमध्ये तपासा. मग पोलिसांत लेखी तक्रार करून तिची तारीख असलेली प्रत घ्या. तुमच्या नावावरचं कर्ज तुमचं नाही, हे सांगताना तीच प्रत मागितली जाते.