लेबल कापलंय, म्हणून माल चोरीचा?

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. तुमच्यापर्यंत आला नसेल तर थोडक्यात सांगते. मॉलमधल्या मोठ्या दुकानांच्या स्वतःच्या ब्रँडचे कपडे, चादरी, डबे बाहेरच्या ‘सरप्लस’ दुकानांत पाव किमतीत मिळतात. मेसेजचं म्हणणं असं की हा माल अधिकृतपणे बाहेर येऊच शकत नाही, म्हणजे तो चोरीचा किंवा नकली आहे. पुरावा म्हणून लेबल कापल्याचे फोटो जोडलेत. पुढे लिहिलंय की एवढ्या स्वस्तात विकणं कोणालाच परवडत नाही, कंपन्या उरलेला माल जाळून टाकतात, यातला बराच माल परदेशातल्या दवाखान्यांतून आलेला वापरलेला असतो आणि खाण्याच्या वस्तू मुदत संपलेल्या असतात. शेवटी, ‘आपल्या माणसांना सावध करा.’

मी रावपुऱ्यात कर सल्लागार आहे. या धंद्यातल्या काही जणांची जीएसटीची कामं माझ्याकडे आहेत, त्यांची बिलं आणि ई-वे बिलं (माल वाहून नेताना सोबत लागणारा ऑनलाइन कागद) माझ्या हाताखालून जातात. मांजलपुरात एक ताई घरून असे कपडे विकतात. त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी हाच मेसेज त्यांचं नाव जोडून टाकला आणि दिवाळीसाठी भरलेला त्यांचा माल घरात पडून राहिला. प्रत्येक गठ्ठ्याचं बिल त्यांच्याकडे आहे. ते बघायला कोणी गेलं नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. इतका मोठा आरोप शेजारणीवर करताना एक बिल बघायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

‘दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा माल बाहेर येऊच शकत नाही.’

खरं तर याच मालाला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसतं. मोठ्या दुकानात दोन तऱ्हेचा माल असतो. एक नावाजलेल्या कंपन्यांचा. तो पुष्कळदा ‘विकला तर पैसे, नाहीतर माल परत’ या बोलीवर ठेवलेला असतो. हंगाम संपला की कंपनी उरलेलं उचलून नेते, दुसऱ्या शहरात लावते किंवा आपल्या फॅक्टरी आउटलेटमध्ये काढते. दुसरा माल दुकानाच्या स्वतःच्या नावाचा. तो दुकानाने कित्येक महिने आधी ऑर्डर देऊन, कारखाना मागेल तेवढी किमान संख्या कबूल करून, स्वतःच्या पैशाने शिवून घेतलेला असतो. अंदाज चुकला तर तो परत कोणाला करणार? कारखान्याने सांगितलं तसं शिवून दिलं, पैसे घेतले, त्याचा संबंध संपला. समोरचं दुकान प्रतिस्पर्ध्याच्या नावाचा शर्ट आपल्या रॅकवर लावणार नाही. मग आधी दुकानातच सेल लागतो, नंतर सेलवर सेल. तरीही जे उरतं त्यात सेट तुटलेला असतो: मधली मापं संपलेली, एक्सएस आणि थ्रीएक्सएल शिल्लक, किंवा कोणालाच न आवडलेला मोहरीचा रंग. याला बाजारात ‘कट साइझ’ म्हणतात. नव्या हंगामाचा माल दारात उभा असतो आणि रॅक रिकामा करायचा असतो. तेव्हा हे सगळं खोक्यांत भरून, वजनावर किंवा नगावर, लॉट म्हणून व्यापाऱ्याला दिलं जातं.

माझी भाची न्यू जर्सीत असते. हा मेसेज वाचून तिने विचारलं, ‘मग इथे एवढी मोठमोठी दुकानं याच मालावर उघडपणे कशी चालतात?’ अमेरिकेत या व्यापाराला क्लोजआउट म्हणतात. ओलीज बार्गेन आउटलेट ही साखळी १९८२ मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झाली, ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे आणि तिचा धंदाच मुळी उरलेला, रद्द झालेल्या ऑर्डरींचा, बंद पडलेल्या दुकानांचा माल घेण्याचा आहे. असा माल तयार कसा होतो याचं ठळक उदाहरण म्हणजे बेड बाथ अँड बियाँड. घरगुती वस्तूंच्या या साखळीने २०२१ मध्ये एकामागून एक स्वतःचे नवे ब्रँड काढले आणि ओळखीच्या कंपन्यांचा माल कमी केला. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यातले एक तृतीयांश स्वतःचे ब्रँड बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. त्याच २०२२ च्या जूनमध्ये टार्गेट या तिथल्या मोठ्या दुकानसाखळीनेही जाहीरपणे सांगितलं होतं की साठा फार झालाय, किमती उतरवू आणि ऑर्डरी रद्द करू. रद्द झालेल्या ऑर्डरीचं कापड तोवर बेतून शिवलेलं असतं. ते कुठेतरी विकावंच लागतं.

आपल्याकडे बिग बाजारचं आठवा. २०२२ मध्ये ती दुकानं बंद पडली. ज्या दुकानाचं नाव लेबलवर आहे ते दुकानच उरलं नाही, तर त्याच्या नावाचा माल बाहेरच दिसणार.

‘लेबल कापलंय, म्हणजे पुरावा नष्ट केलाय.’

या एका मुद्द्यावर लोक सर्वांत जास्त फसले, कारण फोटो खरे आहेत. दांडिया बाजारात एका व्यापाऱ्याच्या गोदामात उघडलेल्या खोक्यातला एक शर्ट मी नीट पाहिला. कॉलरमागचं लेबल मधोमध कात्रीने उभं चिरलेलं होतं. दोन्ही तुकडे शिवणीत तसेच होते आणि नाव सहज वाचता येत होतं. टांगलेल्या कागदी टॅगवर बारकोडमधून काळ्या मार्करची जाड रेघ मारलेली होती. बाजूच्या शिवणीतलं धुण्याच्या सूचनांचं लेबल मात्र शाबूत होतं: कापडाचा प्रकार, माप, स्टाइल नंबर. ज्याला पुरावा नाहीसा करायचा असतो तो नाव वाचता येईल अशा बेताने कापत बसत नाही.

ही खूण चोर करत नाही. बहुतेक वेळा विकणारं दुकान स्वतःच करतं, किंवा लॉट घेणाऱ्याला करायला लावतं. तशी अटच असते. पहिलं कारण अगदी व्यवहाराचं आहे. समजा तो शर्ट बाहेर दोनशेला घेतला आणि शाबूत टॅगसकट मॉलमधल्या काउंटरवर नेऊन म्हटलं, ‘माप बसत नाही, बदलून द्या.’ तिथे बारकोड ९९९ रुपये दाखवणार. दुकानाला आठशे रुपयांचा फटका. चिरलेलं लेबल आणि बारकोडवरची रेघ पाहिली की काउंटरवरच्या मुलाला कळतं, हा माल बदलून द्यायचा नाही. दुसरं कारण नावाची किंमत. तोच शर्ट त्याच नावाने पाव किमतीत मिरवला, तर मॉलमध्ये पूर्ण पैसे कोण देईल? निर्यातीच्या मालात तिसरं कारण येतं. शिवताना काही नग खराब होतील म्हणून कारखाना ऑर्डरीपेक्षा थोडे जास्त नग बेततो. उरलेले नग ब्रँडच्या नावाने विकायची करारात मनाई असते, म्हणून लेबल काढून विकतात.

अमेरिकेसाठी शिवलेल्या कपड्याच्या आतल्या लेबलवर ‘आरएन’ आणि पुढे आकडे दिसतात. तो तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला दिलेला नोंदणी क्रमांक. त्यांच्या संकेतस्थळावर तो टाकला की कंपनीचं नाव कोणालाही कळतं. वरचं लेबल पूर्ण काढलं तरी हा क्रमांक पुष्कळदा तसाच राहतो.

आणि नकली म्हणाल, तर नकली मालाचा सगळा नफा लेबलात असतो. बनावट माल करणारा लेबल झळझळीत लावतो, तो कात्री कशाला चालवेल?

‘एवढ्या स्वस्तात कोणालाच परवडत नाही.’

इथे माझा विषय येतो, तेव्हा जरा थांबून हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेते. छापील किंमत ९९९ असलेला शर्ट दुकानाला कारखान्यातून ३०० रुपयांना पडला. त्यावर पाच टक्के जीएसटी, १५ रुपये. याचं क्रेडिट दुकानाने घेतलेलं असतं, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून ते १५ वजा केलेले असतात. हंगाम संपला, शर्ट राहिला. आता तो नष्ट केला किंवा कोणाला फुकट दिला, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे ते क्रेडिट मिळत नाही, घेतलं असेल तर उलटवावं लागतं. म्हणजे ३०० गेले, १५ गेले आणि वर विल्हेवाटीचा खर्च. तोच शर्ट रीतसर बिल करून ९० रुपयांना विकला तर ९० हातात येतात आणि क्रेडिट टिकतं. गोदामाचं भाडं थांबतं, मार्चअखेरच्या साठ्यातून नग कमी होतो. दुकान ३०० शी तुलना करत बसत नाही, कारण ते ३०० केव्हाच खर्च झालेत. खंडेराव मार्केटजवळ रात्री उठायच्या वेळी मेथीची जुडी ज्या भावाने जाते, त्यामागे हाच हिशेब असतो.

९० ला घेणाऱ्याचं काय? त्याला निवडून मिळत नाही. बिलावर ‘मिक्स, आहे त्या स्थितीत’ असं लिहिलेलं असतं. खोकं उघडल्यावर त्यात अर्धी एक्सएस मापं निघतात, काही नगांना डाग, काहींची चेन बिघडलेली. भाडं, हमाली, रिजेक्ट धरून त्याला तो शर्ट सव्वाशेच्या आसपास पडतो आणि तो दोनशेला विकतो. त्यातही मिळतंच असं नाही. अमेरिकेतली बिग लॉट्स ही याच धंद्यातून मोठी झालेली साखळी सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतःच दिवाळखोरीत गेली. फुकटात घबाड मिळत असतं तर असं झालं नसतं.

आणखी एक. परराज्यातून पन्नास हजारांवरचा माल आला की ई-वे बिल लागतं. त्यावर विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड (कपड्यांना ६१ किंवा ६२ ने सुरू होणारा) आणि गाडीचा नंबर असतो. चोरीचा माल जगात विकलाच जात नाही, असं मी म्हणत नाही. पण तो ओळखायचा मार्ग हे कागद आहेत. कात्रीची खूण नाही.

‘कंपन्या उरलेला माल जाळतात.’ काही जाळत होत्या. बर्बेरी या महागड्या ब्रिटिश ब्रँडने २०१७-१८ या एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केला, टीका झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ही पद्धत थांबवत असल्याचं जाहीर केलं. पण तो अतिमहाग माल. दुर्मिळ राहिला तरच त्याची किंमत टिकते. हजाराच्या आतल्या शर्टाला ते लागू नाही. शिवाय जग आता उलट दिशेने चाललंय. फ्रान्सने २०२० मध्येच न विकलेला माल नष्ट करण्याविरुद्ध कायदा केला, आणि युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमाने मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे व पादत्राणं नष्ट करायला १९ जुलै २०२६ पासून मनाई आहे.

दवाखान्याच्या गोष्टीवर फार शब्द घालवत नाही. वापरलेले कपडे आयात करायला आपल्याकडे परवाना लागतो. आपल्याच राज्यात, कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात, जुने कपडे येतात, पण ते वर्गवारी करून मुख्यतः पुन्हा निर्यात होण्यासाठी. भांड्यांवर दिलेल्या जुन्या कपड्यांचा बाजार वेगळा आहे आणि तोही उघड आहे. नवा कपडा हातात घेतला की कळतो: घडीची पक्की रेघ, टॅगच्या पिनेचं छिद्र, कॉलरच्या आतल्या बाजूला घर्षण नाही, आतल्या लेबलची छपाई फिकटलेली नाही.

खाण्याच्या वस्तूंबाबत मात्र मेसेजमधली काळजी रास्त आहे. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची बिस्किटं, नूडल्स, सॉस मुदत जवळ आली की लॉटमध्ये निघतात. मुदतीच्या आत विकणं कायदेशीर आहे, मुदत उलटल्यावर विकणं गुन्हा आहे. तारीख खोडलेली किंवा स्टिकरखाली झाकलेली दिसली तर पाकीट परत ठेवा. क्रीम-शाम्पूलाही तेच. खेळण्यांवर जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. लॉटचा माल म्हणून सूट नाही.

ज्या गोष्टीपासून लोकांना खरोखर सावध करायला हवं होतं, तिचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. ‘सरप्लस’ची पाटी लावून सर्रास नवा, हलका माल विकला जातो. तो कुठल्याच दुकानाचा उरलेला नसतो. स्वस्तात शिवायचा, टॅगवर १,९९९ छापायचं आणि ४९९ ला ‘७५ टक्के सूट’ म्हणून द्यायचं. अमेरिकेतही हीच तक्रार आहे: आउटलेटसाठी मुद्दाम वेगळा माल बनवून त्यावर फसवी मूळ किंमत दाखवतात, याकडे जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या चार लोकप्रतिनिधींनी फेडरल ट्रेड कमिशनचं लक्ष वेधलं होतं. अशा खोट्या ‘सरप्लस’ मालाचं लेबल कापलेलं नसतं, टॅग कोरा करकरीत असतो, सगळी मापं ओळीने हजर असतात. खऱ्या लॉटमध्ये सगळी मापं मिळणं अवघड.

छापील किंमत तपासायची असेल तर आपल्या वजनमापांच्या २०११ च्या नियमांत एक सोपी खूण आहे. पाकीटबंद मालाची किंमत कमी करायला स्टिकर चालतो, पण त्याने मूळ किंमत झाकायची नाही. जुना आकडा खाली वाचता यायला हवा. दुकानदाराला विचारा, लॉट कुठला आहे आणि पक्कं बिल देणार का. ज्याने बिलावर माल घेतलाय तो कुरकुर न करता बिल देतो. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून लेबल शाबूत असलं तरी घेऊ नका.