ओला, सुका आणि नळ

सुका कचरा नीट विसळून, वाळवून द्या, असं जे सांगतात त्यांच्या घरी नळ रोज येत असणार. आमच्या संभाजीनगरात तो आठवड्यानं येतो. शहराला पाणी पुरवणारा नाथसागर जलाशय काठोकाठ भरल्याचे फोटो मोबाइलवर रोज येतात, पाणी मात्र आपल्या सवडीनं येतं. दुधाची पिशवी विसळली तर ते पाणी चहात तरी ओतता येतं. लोणच्याच्या बरणीचं काय करायचं? श्रीखंडाच्या डब्यासाठी मी तांब्याभर पाणी घेतलं, तेव्हा बायकोनं माझ्याकडे जसं पाहिलं, तसं ती एरवी फक्त उसने मागायला आलेल्या माझ्या मावसभावाकडे पाहते.

शेवटी तोडगा निघाला. आमच्याकडे भाजी धुतलेलं पाणी तुळशीला आणि कुंड्यांना जातं. आता ते मधे कचऱ्याकडे मुक्कामाला थांबतं. पिशव्या, डबे, पाकिटं त्यात बुचकळून मग दोरीवर वाळत घालायची. पाहुणे आले की आधी नजर त्या दोरीकडेच. "दुधाच्या पिशव्या वाळवता व्हय?" असं एका मामींनी विचारलं आणि पुढं सांडगे-पापडांची चौकशी केली. एकूण हा सगळा वाळवणाचाच प्रकार असावा, असं त्यांना वाटलं.

2016 च्या घनकचरा नियमांनी घरातल्या कचऱ्याच्या तीन वाटण्या केल्या: ओला, सुका आणि घरगुती घातक. आमच्या आईला यातली एकही मान्य नाही. तिच्या लेखी कचरा दोन प्रकारचा, गाय खाते तो आणि गाय खात नाही तो. भाकरीचा तुकडा, केळीची सालं, मेथीच्या काड्या हे ती कचऱ्यात धरतच नाही, ते गायीचं. गल्लीत एक गाय ठरलेल्या वेळी येते आणि या बाबतीत कचऱ्याच्या गाडीपेक्षा जास्त भरवशाची आहे. फक्त पिशवीला गाठ मारून ठेवलं तर ती पिशवीसकट खाते, म्हणून सगळं सुटं टाकायचं. एवढं एक मी आईला पटवू शकलो.

खरा वाद होतो तो अधल्यामधल्या वस्तूंवरून. समोशाचा तेलकट कागद ओला की सुका? कागद म्हणून सुका, पण तेल लागल्यावर तो रद्दीतही चालत नाही. पारा असलेली जुनी ट्यूबलाइट घातक, हे पाठ आहे. पण ती पलंगामागे उभी करून ठेवण्यापलीकडे तिचं काय करायचं हे घरात कुणालाच सुचलेलं नाही. चिप्सच्या पाकिटाची तर आणखी वेगळी तऱ्हा. भंगारवाला आमच्याकडून पुठ्ठा नेतो, पत्रा नेतो, फुटकी बादली नेतो. पाकिटं पुढं केली की हात मागे घेतो. "ये नै चलता साब." त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते वेगळे करणं कुणालाच परवडत नाही. मुलाला हे शास्त्र समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मग बिस्किटं आणत जा." बिस्किटाचा पुडाही त्याच जातकुळीतला, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. आमच्या शहराचा कचरा जिथं पडायचा त्या नारेगावच्या उकिरड्याला तीन दशकांहून जास्त लागली. 2018 च्या फेब्रुवारीत नारेगाव-मांडकीच्या लोकांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि त्यांचा पांग फिटला त्या दिवशी आमचा सुरू झाला. चौकाचौकात ढीग, ढिगांना लावलेली आग, मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा टाकायला गेलेल्या गाड्यांवर दगडफेक. त्यातच 23 मार्चला राज्यात प्लास्टिकबंदीचा आदेश निघाला. नारेगावकरांचं चुकलं असं मी तेव्हाही म्हणालो नाही. आपलं शिळं कालवण दुसऱ्याच्या दारात इतकी वर्षं ओतल्यावर त्यानं कधीतरी कडी लावणारच. पुढं चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथं प्रक्रिया केंद्रं झाली, कांचनवाडीला कचऱ्यापासून गॅस करायचं यंत्र आलं. आणि ओला-सुका वेगळा करा, हे वाक्य गाडीच्या भोंग्यातून गल्लीत शिरलं ते कायमचं.

नळाच्या दिवशी मात्र त्या भोंग्याकडे कुणाचं लक्ष नसतं. एकजण मोटारीपाशी, एकजण गच्चीवर टाकीत डोकं घालून, एकजण पाइप धरून. गाडी नेमकी तेव्हाच येते. मी दोन्ही डबे घेऊन पळतो, वरून आई ओरडते "मोटार बंद कर रं!" आणि गाडीवरच्या ताई शांतपणे विचारतात, "दादा, यात अंड्याची टरफलं सुक्यात का टाकली?" त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. डब्यावरून त्यांना आमच्या घरचा सगळा आहार-विहार ठाऊक आहे.

याला वैतागून गच्चीत खताचं पिंप मांडलं. ओल्या कचऱ्यावर वाळला पाला, त्यावर आंबट ताक, पुन्हा पाला. पाला कमी पडला की आत हवा खेळत नाही आणि वास सुटतो. तो आधी शेजाऱ्यांना येतो, मग आपल्याला. मोसंबीच्या हंगामात जालन्याहून गोणी आली आणि पिंपात सालींचंच राज्य झालं. त्या लवकर कुजत नाहीत. बारीक चिरून घालाव्यात, असं वाचलं. घरात भाजी कधी चिरली नव्हती, पण विळी घेऊन बसलो आणि साली चिरल्या. बायकोनं त्याचा व्हिडिओ काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला.

उन्हाळ्यापर्यंत खत झालं. काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारख्या वासाचं. पण उन्हाळ्यात कुंड्यांना पाणीच पुरत नाही, तर खत कशाला? म्हणून गोणपाटात बांधून गावाकडे निघालो. यष्टीत कंडक्टरनं पिशवीला बोट लावून विचारलं, "काय हाय यात?"

"खत."

"कुठून आणलं?"

"संभाजीनगरहून."

त्यानं एकदा पिशवीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढच्या सीटकडे गेला. गावी अण्णांनी मात्र गाठ सोडून मूठभर खत हातात घेतलं, चोळलं, नाकाला लावलं. "चांगलं हाय," म्हणाले. मग गोठ्यामागच्या डोंगराएवढ्या शेणखताकडे पाहून म्हणाले, "पण पोरा, एवढ्यासाठी तिकीट काढलंस?"